मिरचीच्या पोत्यातली लोकर

मी पोतं पाठीवर घेतलं, उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला आणि मागून सून शिंकली.

घरातून निघताना कोणी शिंकलं तर काय करायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. परत आत यायचं, घडीभर बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं. मी सुनेकडे रागानं पाहिलं.

"मी काय जाणीबुजीसन शिंकस का, आबा?" सुमन म्हणाली. (मी काय मुद्दाम शिंकते का?) "बठा घडीभर. पाणी पेवा."

बसलो, पाणी प्यालो. तेवढ्यात सकाळची गाडी दोंडाईचा स्टेशनातून निघून गेली. आमच्या गावापर्यंत तिची शिट्टी ऐकू येते. म्हणजे प्रवास सुरू व्हायच्या आधीच अडला. तेव्हापासून जी धाकधूक सुरू झाली, ती परत येईपर्यंत गेली नाही.

पोत्यात लोकर होती. माझ्या मेंढरांची शेवटची लोकर. गेल्या वर्षी कळप विकला. मुलगा रोजंदारीला जातो, माझे गुडघे चालत नाहीत आणि चरायला रान राहिलेलं नाही. विकायच्या आधी मी मेंढरांना नदीत धुतलं, वाळवलं आणि स्वतः कातर चालवली. आजकाल लोकर कोणी विचारत नाही. पूर्वी व्यापारी मेंढरांच्या वाड्यावर येऊन बसायचे, आता धनगर ती खड्ड्यात टाकतात. मी टाकली नाही. दोन गाठोडी केली. एका गाठोड्यात मोठ्या मेंढ्यांची काळी लोकर आणि दुसऱ्यात जावळ. लहान पोराचे पहिले केस काढतात त्याला जावळ म्हणतात ना, तसंच कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ. ती रेशमासारखी मऊ असते.

ही लोकर ठेवली होती माझ्या नातीसाठी, वैशूसाठी. वैशाखात तिचं लग्न. आम्ही ठेलारी, मेंढरं पाळणारे. आमच्यात नवरा-नवरीला घोंगडीवर बसवतात. वर दीपनगरचा, वीज केंद्रात कामाला आहे. सुपारी फोडायच्या दिवशी विहीणबाई म्हणाल्या, "घोंगडी टोचते हो आबा. आपण मऊ ब्लँकेट अंथरू की." मी चार माणसांत बोलून बसलो, "माझी नात माझ्या मेंढरांच्या लोकरीवर बसेल, आणि ती टोचणार नाही." बोललो ते बोललो. पण घोंगड्या विणणारे आमच्या बाजूला उरले नाहीत. एक नाना होते, जामनेरच्या पुढच्या खेड्यात. पूर्वी कळप घेऊन त्या बाजूला जायचो तेव्हा माझी लोकर तेच घ्यायचे. नाना जिवंत आहेत का, हेही मला माहीत नव्हतं. मुलगा म्हणाला, आधी फोन लावून पाहू. फोन कोणाला लावायचा? नंबर कुठे होता? मी म्हणालो, जाऊन पाहतो.

दुपारच्या गाडीनं निघालो. पोतं दोन पायांत धरून खिडकीशी बसलो. बाहेर नुसती काळी, मोकळी रानं. कापूस निघालेला, पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) जाळलेली. नरडाणा गेलं आणि समोरची बाई शिंकली. मग तिचा नवरा. मग वरच्या बाकावर झोपलेला माणूस शिंकत उठून बसला.

"आबा, पोत्यामा काय शे?" बाईनं पदर नाकाला लावत विचारलं. "बठ्ठा डबा शिंकी ऱ्हायना." (सगळा डबा शिंकतोय.)

"लोकर शे."

"लोकर शे तं नाकमा कसाले जास?" (मग नाकात कशाला जाते?)

"धूळ शे रेल्वेनी," मी म्हणालो आणि पोतं आणखी घट्ट धरलं.

धूळ नव्हती, हे मला कळत होतं. लोकरीला कसर लागते. कसर म्हणजे बारीक किडा, गाठोडंच्या गाठोडं खाऊन भुगा करतो. म्हणून मी दोंडाईच्याच्या बाजारातून मिरचीचं रिकामं पोतं आणलं होतं. तळाला मिरचीचं बी आणि भुकटी होती, ती तशीच राहू दिली आणि लोकर त्यात भरली. कसर काय, मुंगी गेली नाही त्यात. गोळ्या-बिळ्या मी आणत नाही, त्यांचा वास वर्षभर जात नाही. पण मिरची एवढी आत मुरली असेल हे ध्यानात आलं नव्हतं. आणि अमळनेर येईपर्यंत माझ्या डोक्यात एक चित्र बसलं ते हलेना. मांडव भरलाय, नवरा-नवरी घोंगडीवर टेकली आणि नवरदेव शिंकला. कार्य थांबलं. सगळे माझ्याकडे पाहताहेत. आणि दीपनगरची विहीणबाई पदराआड हसतेय.

जळगावला उतरून जामनेरची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, पोतं टपावर टाका. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, मग तुम्ही तरी टपावर बसा. लोक हसले. मी हललो नाही. नेरी येईपर्यंत कंडक्टर स्वतः दारात जाऊन उभा राहिला, नाकाला रुमाल लावून.

जामनेरच्या स्टँडजवळ एक गादीवाले चाचा आहेत. बापजाद्यांपासून कापूस पिंजणारं घर. आता मशीन लावलंय. नानांचा पत्ता विचारायला त्यांच्या दुकानात शिरलो. चाचांनी विचारायच्या आधीच पोत्यात हात घातला, चिमूटभर लोकर ओढून पाहिली, नाकाशी नेली. पाच-सहा शिंका दिल्या आणि डोळे पुसले.

"आबा, ये ऊन है के मसाला?" (ऊन म्हणजे लोकर.)

"ऊन है," मी म्हणालो. "कसर नको लागायला म्हणून ठेवली तशी."

"कसर क्या, शेर भी पास नहीं आएगा." मग चाचा जरा गंभीर झाले. "नाना हैं. ज़िंदा हैं. लेकिन माग बंद पड़ा है. लाओ, मैं मशीन पे निकाल देता हूँ, पाँच मिनट का काम."

मी नाही म्हणालो. मशीनचे दात लोकरीचा धागा तोडतात. तुटक्या धाग्याची घोंगडी टोचते. चाचांना राग आला नाही. त्यांनी चहा पाजला आणि एका रिक्षावाल्याला हाक मारून मला नानांच्या गावच्या वाटेला लावलं. "माग बंद पड़ा है" हे शब्द मात्र रिक्षात माझ्या शेजारी बसून आले.

संध्याकाळ होत होती. नाना ओट्यावर बसून तपकीर ओढत होते. पार वाळलेले, पण तेच. मी पोतं खाली ठेवलं.

"आबा! जिवंत हाये का तुम्ही?" नाना म्हणाले. "मले वाटलं, गेले."

"मला पण तुमचं तसंच वाटलं होतं."

आम्ही शे म्हणतो, हे लोक हाये म्हणतात. तापीच्या कडेनं चार तालुके चाललं की बोली बदलते, पण माणसाला माणूस कळायला वेळ लागत नाही. मी सगळं सांगितलं. वैशू, वैशाख, दीपनगर, विहीणबाई. मिरचीचं सांगितलं नाही. नानांनी जावळाचं गाठोडं सोडलं, मूठभर काढून गालाला लावलं, नाकाशी नेलं, आणि काही झालं नाही. शिंक नाही, ठसका नाही. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, रेल्वेतली खरंच धूळ असेल.

तेवढ्यात नानांच्या कारभारीणबाई, अक्का, बाहेर आल्या. गाठोड्यापासून दोन हातांवर थांबल्या आणि धडाधड शिंकू लागल्या.

"हे काय आणलं बापा? लोकर हाये का फोडणी?"

"मले तर काही नाही झालं," नाना म्हणाले.

"तुम्हाले काय होईन? तपकीर ओढू ओढू नाक मरून गेलं तुमचं. तुमच्या नाकाखाली चूल पेटली तरी कळणार नाही." मग माझ्याकडे वळून, "आबा, खरं सांगा."

मग सांगावं लागलं. अक्का डोक्याला हात लावून बसल्या. लोकर पिंजताना बारीक तंतू हवेत उडतात, सूत कातताना तोंडाजवळ असतात. मिरचीची लोकर कोण पिंजणार? आणि पिंजली, विणली, तरी लग्नात काय होईल? त्यांनाही तेच चित्र दिसलं असावं, कारण त्या म्हणाल्या, "नवरदेव शिंकला म्हणजे?"

"म्हणूनच आलो," मी म्हणालो. खरं तर मी त्यासाठी आलो नव्हतो. पण आता तेच एक काम उरलं होतं.

आणखी एक अडचण निघाली. घोंगडीचा माग जमिनीत खड्डा करून बसवतात, विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. नानांचा खड्डा घरातच होता. मी डोकावलो तर आत कोंबडी अंड्यांवर.

"बसेल हाये ती," नाना म्हणाले. "आता उठवली तर अंडी वाया जातीन. पिल्लं निघू द्या. मंग मी विणतो."

माझी नात बोहल्यावर चढणार आणि तिची घोंगडी कोंबडीच्या मर्जीवर.

सकाळी अक्कांनी मला आणि नानांना तोंडाला फडकी बांधायला लावली. गावाबाहेर मोकळ्या रानात बाज नेली, तिच्या सुंभावर लोकर थोडी थोडी पसरली आणि आम्ही बारीक काठ्यांनी हलके हलके झोडपली. खालून लाल धूर निघायचा. वारा ज्या अंगाला जाईल त्या अंगाची म्हैसदेखील शिंकत होती. शेजारच्या शेतातला माणूस धावत आला, काय पेटलं म्हणून. नाना म्हणाले, "पाहुण्याची लोकर हाये." तो म्हणाला, "पाहुणा तिखट दिसतो."

मग नाल्याच्या वाहत्या पाण्यात रिठ्यानं धुतली. लोकर धुवायची तर गरम पाणी नको, चोळणं नको, पिळणं नको. चोळली की एकमेकांत गुंतून गोळा होते, मग ती लोकर राहत नाही. नुसती दाबायची, सोडायची. माझ्या हातांना हे काम येतं. लोकरीचं स्वतःचं तेल असतं, ते हाताला लागलं आणि कळप आठवला. सावलीत वाळत घातली. वाळली. अक्कांनी नाकाशी नेली.

शिंकल्या.

त्या दिवशी मी जेवलो नाही. अक्कांनी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाच्या पिठाची) केली होती. म्हणाल्या, "जेवा, तिखट नाही टाकलं. घरातली मिरची वाचवून ऱ्हायली मी, तुम्ही आणली तेवढी पुरे." मला हसू आलं नाही. बाजेवर पडून विचार करत होतो की रिकाम्या हातानं दोंडाईच्याला कसं उतरायचं. सून काही बोलणार नाही, पण वैशू म्हणेल, "राहू दे आबा, ब्लँकेट चालस." तिचं ते चालस मला ऐकायचं नव्हतं.

अक्का भांडी घासता घासता मध्येच थांबल्या. "आबा, मिरची कांडून हात झोंबले तर बाई काय लावते हाताले?"

मी आयुष्यात मिरची कांडलेली नाही.

"ताक," अक्का म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गावातल्या घराघरातून ताक गोळा झालं. लोक देताना विचारायचे, कढी करता का? मोठ्या घंगाळात लोकर ताकात भिजवली. काळी लोकर, पांढरं ताक. नाना लांब उभे राहून म्हणाले, "चाळीस वर्षं लोकर केली, पण जेवू नाही घातलं कधी तिले." मग पुन्हा वाहतं पाणी, पुन्हा रिठा, पुन्हा सावली. गावची कुत्री वासानं मागे मागे. वाळल्यावर अक्कांनी मूठभर घेतली. मी दुसरीकडे तोंड करून उभा राहिलो.

बराच वेळ आवाज आला नाही. वळून पाहिलं तर अक्का लोकर नाकाशी धरून माझ्याकडे बघत होत्या.

"अजून नाही आली," त्या म्हणाल्या. "पण पिंजल्यावर कळंन."

अक्का पिंजताना मी समोरच बसून राहिलो. भिंतीला टांगलेली पिंजायची धनुकली, तिची तात (ताणलेली दोरी) लोकरीत शिरायची, टणत्कार व्हायचा आणि लोकर धुक्यासारखी फुलून वर यायची. एरवी हा आवाज मला किती आवडतो. पण मी तातीकडे पाहत नव्हतो, अक्कांच्या नाकाकडे पाहत होतो. एकदा त्यांचं नाक आक्रसलं आणि मी उठूनच उभा राहिलो. "माशी होती," त्या म्हणाल्या.

पिंजून झाली, पेळू (कातायच्या वळ्या) झाले, चरख्यावर सूत आलं. पिल्लं निघाली. कोंबडी स्वतःहून अंगणात गेली तेव्हा मी तिला दाणे टाकले. खड्डा झाडून माग उभा केला. ताण्याला (उभ्या धाग्यांना) चिंचोके शिजवून केलेली खळ लावली, कुंच्यानं फिरवली, म्हणजे सूत ताठ राहतं आणि तुटत नाही. तरी पहिल्या दिवशी तुटलं. नानांचा हात बऱ्याच दिवसांत चालला नव्हता. धागा तुटला की ते गाठ मारत आणि माझ्याकडे न पाहता म्हणत, "होईन." मग हात जुन्या वळणावर आला आणि माग बोलू लागला. काळ्या अंगाला दोन्ही काठ जावळाचे, आणि मधोमध, जिथे दोघं बसणार, तिथे काळ्यात जावळ मिसळून. ही युक्ती नानांची. "टोचायची जागा तीच असते," ते म्हणाले.

घोंगडी मागावरून उतरते तेव्हा ती विरळ, ढिली दिसते. ओली करून दगडावर पायांनी तुडवली की धागे एकमेकांना धरतात आणि कापड भरतं. हे तुडवणं मी केलं, गुडघे दुखत असतानाही, कोणाला हात लावू दिला नाही. मग ती वाळली आणि मी हात फिरवला. असं कापड यंत्रातून येत नाही. पावसात वरचं पाणी वरूनच ओघळतं, थंडीत ऊब, उन्हात घाम शोषते, आणि फाटून गेली तरी शेतात मातीत मिसळते. शेवटच्या संध्याकाळी चुलीतली एक ठिणगी उडून तिच्या कोपऱ्यावर पडली. केस जळाल्यासारखा वास आला, दाण्याएवढा डाग पडला आणि ठिणगी आपोआप विझली. नाना शांतपणे म्हणाले, "ब्लँकेट असतं तर आता अंगाले चिकटलं असतं." खरं आहे. पण मला तो डाग विहीणबाईंच्या नजरेनं दिसत होता.

परतीच्या प्रवासात मी घोंगडी घडी करून आणली नाही. अंगावर घेऊन बसलो. चैत्राचं ऊन, जळगावचा उकाडा, आणि मी काळी घोंगडी पांघरून रेल्वेत. एक तरुण म्हणाला, "आबा, ताप शे का?" मी म्हणालो, "परीक्षा शे." सदरा काढून उघड्या पाठीला लावली होती. कुठे झोंबतं का, नाक हुळहुळतं का. अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, शिंदखेडा गेलं. काही नाही. शेजारच्या बाईनं काठ चाचपून पाहिला आणि म्हणाली, "मऊ शे वं माय." मला पहिल्यांदा जरा श्वास घेता आला.

दोंडाईच्याला उतरलो आणि शिंकलो.

तिथेच उभा राहिलो. पुन्हा शिंकलो. आता ही शिंक घोंगडीची की गावची? हंगामात मिरची सुकत घातलेली असते, बाजार लाल असतो, वाऱ्यालाच तिखट असतं. माझ्या पुढचा हमालही शिंकत होता. पण तो रोजच शिंकत असेल. घरापर्यंतची वाट मी घोंगडी अंगावरून काढून, हातात लांब धरून चाललो, आणि तरी ठरवता आलं नाही.

घरी सुमन दारात आली. मी घोंगडी तिच्या हातात दिली. निघताना जिनं शिंकून मला बसवलं होतं, तिचंच नाक मला हवं होतं. तिनं दोन्ही हातांनी घेतली, छातीशी धरली, मग तोंड खुपसलं.

"मेंढरंसना वास ई ऱ्हायना," ती म्हणाली. (मेंढरांचा वास येतोय.) "आनि थोडा ताकना."

मग ओसरीवर अंथरली. वैशू येऊन मधोमध बसली, जावळाच्या जागी. हात फिरवला. लहानपणी कळपात बसायची तशीच पाय मुडपून बसली. "टोचस का?" मी विचारलं. ती म्हणाली, "नही आबा." सगळे तिच्या नाकाकडे बघत होते, कारण तोवर मी सगळं सांगून टाकलं होतं.

आणि शिंकलो मी.

वैशू हसत सुटली. "आबा, आते तुम्ही बठा. पाणी पेवा." तिनं बाजूला सरकून जागा केली. सुमननं तांब्या आणला. मी घोंगडीवर नातीशेजारी बसलो आणि पाणी प्यालो. मेंढरं विकल्यापासून त्यांच्या एवढ्या जवळ बसलो नव्हतो.

मी शाळेत फार गेलो नाही. लिहिण्यात चूक दिसली तर ज्याची त्यानं दुरुस्त करून घ्यावी. एवढंच सांगतो, लोकर खड्ड्यात टाकू नका. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घाला, मिरचीचं पोतं वापरू नका. लग्नाला अजून दिवस आहेत. तोवर आमच्याकडे येईल त्या पाहुण्याला मी आधी घोंगडीवर बसवतो, मग चहा सांगतो. वाणी बसून गेला, सोयरे बसून गेले, मीटर पाहायला आलेला माणूसही बसून गेला. अजून कोणी शिंकलेलं नाही. माझी शिंक मी हिशेबात धरत नाही.